परकं दुखणं

फणी डाव्या कानशिलावरून फिरली आणि चंद्रकांताच्या तोंडून "अगं माय" निघालं. घरात ऐकायला कोणी नव्हतं, तरी तिचा हात पदराशी गेला. रिकाम्या घरात आपलाच आवाज ऐकून तिला ओशाळल्यासारखं झालं. फणी नेहमीचीच होती. केस तर नेहमीपेक्षा विरळ, गुंता नावालाही नाही. तिने पुन्हा हलकेच दात टेकवून पाहिले. मुळाशी गळू ठणकावं तसं दुखलं. बोटांनी चाचपलं तर फोड नाही, खोक नाही. फक्त कानाच्या वर, कातडीखाली, सुतळीसारखं काहीतरी ताठ लागलं आणि त्याला बोट लागताच डोळ्यांत पाणी आलं. आरशात एक म्हातारी बाई अर्धे केस विंचरून थांबली होती. चंद्रकांताने फणी खाली ठेवली, हातानेच केस मागे सारले आणि अंबाडा सैल बांधला. मग गॅसवर चहा ठेवताना तिच्या मनात एक गोष्ट आली आणि आल्यावर जाईना. हे माझं नाही. डोकं माझं आहे, पण हे दुखणं माझं नाही.

आपलं दुखणं ती जन्मभर ओळखत होती. आंधळगावला, बापाच्या घरी, ती सातवीत असेल. बाप मागावर कोशाच्या रेशमाचं लुगडं विणत होता आणि ती भिंतीशी बसून कांड्यांवर धागा भरत होती. मागाचा खटखट आवाज, उकळलेल्या कोशांचा कुबट वास. मध्येच तिला वाटलं, लुगड्याचा करवती काठ मागावरून सुटून हवेत आला आहे. पांढरे, चंदेरी, करवतीचे दात तिच्या डोळ्यांसमोर थरथरत होते. तिने पकडायला हात पुढे केला. दात वाढत गेले आणि त्यांच्या आड बापाचा अर्धा चेहरा नाहीसा झाला. उरलेला अर्धा चेहरा तिला काहीतरी विचारत होता. दात विझले आणि मग उजव्या बाजूने ते आलं, डोळ्यामागून, घणासारखं. आईने सुंठ उगाळून लेप लावला, दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खाऊ घातली, आणि शेजारणीला अंगणातून सांगितलं, "पोरीले अर्धशिशी लागली वं." तो शब्द तिला तेव्हा एखाद्या दागिन्यासारखा वाटला होता. घरात दुसऱ्या कोणाकडे तो नव्हता. पुढे त्या दातांची तिला सवय झाली. ते दिसले की चुलीवरचं उतरवायला, दोरीवरचे कपडे काढायला, खोलीत जाऊन दार लावायला नेमका वेळ असे. वैरी होता, पण सांगून येणारा वैरी होता.

लग्न होऊन ती तुमसरला आली ती टिकारामच्या घरात. टिकाराम राईस मिलमध्ये मिस्त्री होता. यंत्राच्या आवाजावरून कोणता पट्टा सरकतो आहे, कोणतं बेअरिंग कोरडं झालं आहे, हे तो फाटकातूनच सांगत असे, आणि त्याच कानांनी त्याने बायकोचं डोकं ऐकायला सुरुवात केली. सुरुवातीला घाबरला. नवी नवरी अंधारात पडून ओकते आहे, उजेड सहन होत नाही, भांडं वाजलं तरी कळवळते. सासूला वाटलं बाहेरची बाधा असावी. टिकारामने कोणाला बोलावलं नाही. तो दाराबाहेर पाटावर बसून राहिला. पुढे पुढे तो फक्त एवढंच विचारी, "कोनतं होय?" आणि ती सांगे, "काठाचं." मग तो खिडकीला गोणपाट लावी, पहिल्या दातालाच गोळी हातावर ठेवी, आणि म्हणे, "पडून राय. मी आहो बाहेर." दुसरं होतं त्याला तो पट्ट्याचं म्हणे. ते दोन्ही बाजूंनी येई, कपाळाभोवती कोणी चामड्याचा पट्टा आवळल्यासारखं, दिवस उतरताना, सासूशी वाजल्यावर किंवा दिवसभर मान खाली घालून शिवण केल्यावर. त्याला अंधार लागत नसे, गोळीही फारशी लागत नसे. मान चेपून दिली, गरम पाणी घेतलं, थोडं अंगणात फिरलं की पट्टा सैल होई. उपासाच्या दिवशीचं निराळंच, ते चहा आणि गूळ-मुर्ऱ्याने जाई. एका वर्षी तर तिला रोजच दुखू लागलं, रोज गोळी, गोळी उतरली की पुन्हा दुखणं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता हे गोळ्यांचंच दुखणं आहे, गोळ्या बंद केल्याशिवाय जायचं नाही. टिकारामने घरातली सगळी पाकिटं उचलून मिलमधल्या आपल्या हत्यारांच्या पेटीत कुलूपबंद केली. तिने त्याला शिव्या घातल्या, त्याच्या पाया पडली. तो ढिम्म हलला नाही. त्या दिवसांत त्याच्याइतका दुष्ट माणूस तिने पाहिला नव्हता, आणि पुढे कधीतरी, एका सकाळी, डोकं निवांत घेऊन ती उठली तेव्हा त्याच्याइतका आपला माणूसही नव्हता. लोकांच्या संसारात काय काय असतं. यांच्या संसारात एक बंद दार होतं आणि दोघं त्याच्या दोन बाजूंना.

पाळी गेली तशी अर्धशिशीही विरळ झाली. मग टिकाराम गेला. मिलमधून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, एका हिवाळ्यात छातीत कफ धरला आणि तो उठला नाही. भूषण, एकुलता मुलगा, पुण्याला. सून हर्षा, एक नातू. ते बोलावत, ती जाई, परत येई. घर तेच, मिलचा आवाज तोच, उकड्या तांदळाचा तो ओला गोड वास खिडकीतून तसाच येई, पण आता कोणतं म्हणून विचारणारं कोणी नव्हतं. तिच्या लक्षात आलं होतं की विचारणारा गेल्यावर नावंही जातात. काठाचं, पट्ट्याचं हे शब्द जगात दोघांनाच येत होते. आता एकटीलाच येतात. एकटीलाच येणारी भाषा बोलायची कोणाशी?

आणि आता हे आलं होतं, ज्याला त्या भाषेतही नाव नव्हतं. ते काही आठवड्यांपासून होतं, पण फणीच्या त्या सकाळपर्यंत तिने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. ते सांगून येत नव्हतं आणि जातही नव्हतं. अंधाराने त्याला फरक पडत नव्हता, मान चेपून पाहावी तर खांदे सकाळी लाकडासारखे, पोलकं घालायला हात वर होत नव्हते. डाव्या कुशीवर झोपलं की उशी टोचे. जेवायला बसली की अर्ध्या पोळीत जबडा थके. दुखे असं नाही, थके, ओझं नेणाऱ्या माणसाचे पाय थकावेत तसा. थोडं थांबलं की बरं वाटे, पुन्हा चावलं की पुन्हा. तिने पोळी सोडून भात-वरण धरलं. अंग बारीक होत चाललं होतं आणि संध्याकाळी कणकण येई. मेडिकलवाल्याने तिला पाहताच न विचारता नेहमीचं पाकीट काढून ठेवलं. ते पाकीट हातात घेताना तिला पहिल्यांदाच फार एकटं वाटलं. सगळ्या गावाला तिची डोकेदुखी माहीत होती, आणि म्हणूनच ही कोणाला दिसणार नव्हती.

शेजारची रेणू कामावरून आली की डोकावून जाई. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "काकू, तुमचं डोकं तं पहिल्यापासूनच दुखते नं. एकट्यानं घरात बसून बसून होते असं. बाम लावून देऊ का?" तिने प्रेमाने बाम आणला आणि कानशिलाला बोट लावताच चंद्रकांताने तिचा हात झटकला. रेणूचा चेहरा उतरला. चौकातले डॉक्टर चांगले होते, टिकारामला शेवटपर्यंत त्यांनीच पाहिलं होतं. बाहेर तापाच्या पेशंटची रांग. त्यांनी बीपी पाहिलं, झोप लागते का विचारलं, मुलगा कुठे असतो विचारलं. "ताई, तुमची डोकेदुखी जुनीच आहे. त्यात एकटेपणाचा ताण," ते म्हणाले, आणि झोपेची गोळी लिहून दिली. एकटेपणा हा शब्द त्यांनी इतक्या हळुवारपणे उच्चारला की तिला पुढे बोलवेना. फोनवर भूषण म्हणाला, "आई, तुले तं मायग्रेन आहेच. गोळी घेतली का?"

"ते नाही होय रे हे."

"मंग काय होय?"

"दुसरं होय."

पलीकडे कोणीतरी त्याला हाक मारत होतं. "बरं, डॉक्टरले नीट दाखव. दिवाळीले येतोच आहो मी," तो म्हणाला. ती फोन हातात धरून बसून राहिली. दुसरं होय. याहून जास्त तिला सांगता आलं नव्हतं, आणि मुलाला तरी याहून जास्त काय ऐकू येणार? दुखणं दाखवता येत नाही. ताप दाखवता येतो, सूज दाखवता येते. डोकं दुखतं असं म्हणणारा माणूस फक्त म्हणत असतो, समोरच्याने मानलं तर मानलं.

बाजारात ती वांगी निवडत असताना डाव्या डोळ्यावर सावली उतरली. वरून खाली, दुकानाचं शटर ओढावं तशी. तिने आधी ढग समजून वर पाहिलं. मग उजवा डोळा हाताने झाकला आणि बाजार नाहीसा झाला. भाजीवालीचा आवाज होता, कोथिंबिरीचा वास होता, हातात वांग्याचं काटेरी देठ होतं, आणि समोर राखाडी. ती ओरडली नाही. तशीच वांगं धरून उभी राहिली. थोड्या वेळाने शटर जसं उतरलं तसंच वर गेलं, भाजीवालीचं हिरवं लुगडं परत आलं. "काय झालं वं माय?" भाजीवालीने विचारलं. "काही नाही," ती म्हणाली. घरी आल्यावर तिने भूषणला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं तो म्हणेल, आणि त्याने तसं म्हटलं की आपण ते मानू, हे तिला ठाऊक होतं. मानायला फार सोपं होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवीत एक लुगडं, चष्मा आणि पाण्याची बाटली टाकली, रेणूकडे किल्ली दिली आणि भंडाऱ्याची एस.टी. धरली. "कोनासंगं जाऊन राहिल्या काकू?" रेणूने विचारलं. "कोनासंगं जाऊ?" ती म्हणाली आणि ते फार कडू झालं म्हणून हसली. खिडकीजवळची जागा मिळाली. धान पिवळं पडायला लागलं होतं, बांधाबांधाने बगळे. काचेचा थरकाप थेट कानशिलात जात होता म्हणून ती डोकं मधोमध धरून बसली, भरलेली घागर नेणाऱ्या बाईसारखी. मोहाडी आली. इथून आत वळलं की माहेर. आता तिथे भावाची मुलं होती, माग कधीचा मोडला होता. सासरी आलेल्या नव्या सुना नवऱ्याच्या गावाची थट्टा करतात, तिच्या माहेराच्या नावाची थट्टा सासरच्यांनी केली होती. आंधळगावची पोर, दिव्याखाली बसून शिव वं. बस फाट्यावरून पुढे निघाली आणि शटर पुन्हा उतरलं. तिने मनात म्हटलं, थांब जरा, जाईल. एक गाव गेलं. वरठीचं रेल्वे फाटक आलं, बस थांबली, मालगाडीचे डबे एकामागून एक गेले, ते तिने उजव्या डोळ्याने पाहिले. फाटक उघडलं. शटर वर गेलं नाही. शेजारी बसलेल्या बाईचा खांदा तिच्या खांद्याला लागत होता. त्या बाईला सांगावं, माझा डोळा आत्ता गेला, इथे, तुमच्या बाजूला. पण ती बाई मांडीवरच्या पोराला बिस्कीट भरवत होती. चंद्रकांताने पदराने उगाच डोळा पुसला.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात तिला एका तरुण डॉक्टरीणबाईसमोर बसवलं. तृप्ती नाव, आवाज बारीक, साकोलीकडची असावी. तिने आधीचे कागद बाजूला ठेवले. "आजी, पहिल्यापासून डोकं दुखायचं, बरोबर? हे त्याच्यासारखंच आहे का?"

"नाही जी," चंद्रकांता म्हणाली. आणि मग, इतक्या दिवसांत न सापडलेलं वाक्य आपोआप आलं. "ते माह्या घरचं होतं. हे बाहेरचं होय."

डॉक्टरीण हसली नाही. लिहिता लिहिता तिचा हात थांबला. "केस विंचरताना दुखतं?" तिने विचारलं. "चावताना जबडा थकतो? सकाळी खांदे आखडतात?" एकेक प्रश्न असा येत होता, जणू ही मुलगी तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या आरशाजवळ उभी राहून सगळं पाहत होती. चंद्रकांता हो म्हणत गेली, आणि प्रत्येक ‘हो’गणिक तिला रडू यायला लागलं. दुखण्याचं नव्हे, कोणीतरी आपल्या वाटेने येतंय असं वाटल्याचं. "आणि डोळ्यासमोर काही?"

"काल पडदा पडून उठला. आज बसमधी पडला, तो उठलाच नाही."

डॉक्टरीण उठून आली. तिने दोन बोटं कानशिलावर इतकी हलकी ठेवली की फक्त ऊब कळली. मग डोळ्यात उजेड टाकून पाहिलं, डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावलं, दोघं खिडकीशी हळू बोलले. परत येऊन ती स्टूल ओढून अगदी जवळ बसली. "आजी, या वयात नवं डोकं दुखायला लागलं तर त्याला जुनं समजायचं नसतं. कानशिलातल्या रक्ताच्या नळीला सूज आहे. तसल्याच नळ्या डोळ्यालाही रक्त नेतात. रक्ताचा रिपोर्ट येईल, नळीचा बारीक तुकडा काढून तपासायला नागपूरला पाठवू, पण तोवर मी थांबणार नाही. आत्ता इंजेक्शन सुरू करते. थांबलो तर दुसरा डोळाही जाईल."

"गेलेला येईल का?"

"बहुतेक नाही. तुम्हाला खोटं सांगत नाही."

"बरं," चंद्रकांता म्हणाली. एवढंच. नर्सने सोबत कोण आहे विचारलं, सही कोण करणार विचारलं. "माहीच घ्या," तिने सांगितलं, आणि कागदावर एका डोळ्याने सही करताना पेन ओळीच्या खाली, टेबलाच्या लाकडावर उतरलं.

दुसऱ्या दिवसापर्यंत दुखणं निघून गेलं. कमी झालं असं नाही, भाड्याने राहणारा एका रात्रीत बिऱ्हाड उचलून जावा तसं गेलं. तिने फणी मागून घेतली आणि पूर्ण केस विंचरले. तोंड भरून पोळी खाल्ली, आणखी मागितली. औषधाने भूक लागते असं नर्स म्हणाली. डोक्यात इतकी शांतता होती की तिला त्या शांततेचा अदमास लागेना. ग्लास घ्यायला हात पुढे केला की तो ग्लासाच्या अलीकडेच मिटे. डावीकडून कोणी आलं की एकदम उगवल्यासारखं येई. तिला वाटलं, आता आपल्याला काहीच दुखत नाही, आणि हे सांगावं असंही कोणी नाही.

दवाखान्यातून फोन गेल्यावर भूषण विमानाने नागपूरला उतरून आला. दारातच उभा राहिला, कोणत्या डोळ्याने आई आपल्याला पाहते आहे हे न कळल्यासारखा. मग रागावला. "आधी सांगायले पाहिजे होतं तू," म्हणाला. त्याचा राग कोणावर आहे ते त्यालाही माहीत होतं. तो डॉक्टरांना भेटला, औषधं आणली, सगळं धावत धावत केलं. खोलीत दोघंच उरले की मात्र तो फोनमध्ये पाही आणि ती छताकडे. पुण्याला चल, तो म्हणाला. पाहू, ती म्हणाली. इतक्या वर्षांत दोघं एका खोलीत इतका वेळ कधी बसले होते ते तिला आठवेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती त्याला पाहत होती. उजवा डोळा एकटा पडल्यापासून फार लक्ष देऊन पाही. भूषण जांभया देत होता. झोपेच्या नव्हत्या त्या. एकामागून एक, जबडा मोडेल अशा. त्याने चहा आणला, तो संपवायच्या आत पुन्हा चहाला गेला. परत आला तो खिडकीकडे पाठ करून बसला. हर्षाचा फोन आला तर तिच्यावर उगाच खेकसला, आणि बोलता बोलता साधा शब्द त्याला सापडेना, "ते... ते हे, काय म्हणतात..." बाहेर बाई फिनाईलने फरशी पुसत होती, वास आत येताच त्याने नाकावर रुमाल धरला. मान चोळली. ओठांभोवती पांढुरकं झालं होतं.

"कधीपासून हाय रे तुले?" तिने विचारलं.

"काय?"

"डोकं."

तो आधी काही नाही म्हणणार होता, तसं तोंड झालं होतं. मग थकून म्हणाला, "कॉलेजपासून. त्याच्याही आधीपासून असंल."

"मले काहून नाही सांगितलं?"

तो फरशीकडे पाहत म्हणाला, "दाराबाहेर बसायले बाबा एकटेच होते नं, आई."

तिला ते कळायला थोडा वेळ लागला. मग दिसायला लागलं, डोळा गेला होता त्या बाजूला जणू. दुपारी उशी डोक्यावर घेऊन पडलेला शाळकरी पोरगा, ज्याला ती आळशी म्हणे. खेळायला न जाणारा, उन्हात तोंड वाकडं करणारा. दार एकच होतं घरात, आणि ते तिने आतून लावलं होतं. तिच्या मनात आलं की आता आपण काहीतरी बोलावं, मोठं, पुरेसं. पण त्याच्या कानशिलाची शीर उडत होती आणि बोलण्याची ही वेळ नव्हती, हे जगात तिच्याइतकं कोणाला माहीत? "आधी काही दिसते का?" तिने फक्त विचारलं.

"दिसत नाही काही. जांभया येतात, मान धरते. मंग डावा डोळा कोणी पिळल्यासारखा होते."

तिच्यासारखं नव्हतं ते. त्याचं त्याचंच होतं, वेगळं, आणि तिला ते विचारून विचारूनच कळणार होतं. "गोळी?" तिने विचारलं. ती त्याच्या शर्टाच्या खिशातच होती, कागदात गुंडाळलेली, सवयीने ठेवलेली. "मंग घेत काहून नाही? उशीर केला का ओकारीतच जाते ते." तिने पाणी ओतलं. अर्धं ग्लासात पडलं, अर्धं स्टुलावर. त्याने गोळी गिळली. ती पलंगावरून उतरली, भिंतीला हात लावत जाऊन पडदा ओढला, ट्यूबलाइट बंद केला. "झोप इथं."

"आई, हा पेशंटचा पलंग आहे."

"मले काही दुखत नाही आता. झोप."

तो झोपला, बूट खाली सोडून, भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन. ती स्टुलावर बसली. बोलली नाही, हात लावला नाही. अशा वेळी हातही नको असतो. हळूहळू त्याचा श्वास लांब झाला. पडद्याच्या फटीतून उजेडाची एक रेघ त्याच्या पाठीवर पडत होती, तिने सरकून ती आपल्या अंगावर घेतली.

बीपीचं यंत्र घेऊन नर्स आत आली आणि अंधार पाहून थबकली. तिने पलंगावरच्या त्या दाढी वाढलेल्या माणसाकडे पाहिलं, मग स्टुलावरच्या म्हातारीकडे. "पेशंट कोन हाय यातला?" तिने विचारलं.

चंद्रकांताने ओठांवर बोट ठेवलं. "दोघंबी," ती अगदी हळू म्हणाली आणि बाही वर सारून हात पुढे केला. "पन तुमचं यंत्र माह्या हाताले लावा. त्याले आत्ताच डोळा लागला हाय."